थोडं मागे घे

ती. मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला विशेष. ताईकडे जिना चढत नसाल अशी आशा. इकडे मामी खुशाल आहे, मी काळजीत आहे, म्हणजे दोघेही नेहमीसारखेच आहोत.

पत्रास कारण तुमचा ट्रॅक्टर. शनिवारपर्यंत सुरू झाला नाही तर भंगारात देईन, असं तुम्ही म्हणाल्यापासून मला जेवण जात नाही. नववीत शाळा सोडल्यावर भरवशाने माझ्या हाती दिलेली ती एकच वस्तू. तर इग्निशनचं टायमिंग (‘मि’ ऱ्हस्व, मी खात्री करून घेतली आहे) चुकलं होतं. हँडल मारलं की उलटं उसळायचं. फोनवर तुम्ही म्हणालात, ‘ठिणगी लवकर पडतेय. थोडं मागे घे.’ मी घेतलं. चाकामागचा दगड काढून ट्रॅक्टर उतारावर वीतभर मागे घेतला (पट्टीने मोजून) आणि दगड परत लावला. तरी उलटंच. तुम्ही म्हणालात, ‘आणखी मागे घे.’ एवढ्या अनुभवी माणसाला उलट प्रश्न कसा विचारायचा? तिसऱ्या फोननंतर ट्रॅक्टर न्हाणीघराच्या भिंतीला टेकला. आत मामी कपडे धूत होती.

ती हात पुसत बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुझे मामा घड्याळ दहा मिनिटं पुढे करतात, तेव्हा काय ते भिंतीवरून काढून अंगणात नेतात का रे?’

मामा, मी पट्टी खाली ठेवली. पुढचं सगळं तिनेच केलं. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि मला हँडल हळूहळू फिरवायला लावलं. आतल्या हवेने अंगठा ढकलला तशी म्हणाली, ‘आता बेताने.’ (पिस्टन दोनदा वर येतो, पण जोर एकदाच करतो. हे तिला कुकरवरून सुचलं. मला अजून नीट सुचलेलं नाही.) फ्लायव्हीलवरची खूण जुळल्यावर ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तिने तो केसभर मागे फिरवला. डिस्ट्रिब्यूटर, ट्रॅक्टर नव्हे. दुसऱ्याच हँडलला इंजिनाने असा सूर धरला की मामी त्याच्याकडे पाहतच राहिली. तुमच्याकडे तशी पाहताना मी तिला पाहिलेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक (तोच तर घोळ झाला)
भाचा

ता. क. भंगारवाल्याला नको म्हणून कळवावं, ही विनंती.

दुसरा ता. क. तो सकाळीच येऊन गेला. त्याचा टेम्पो आपल्या वळणावर चिखलात रुतला होता. मामीने ट्रॅक्टरला दोर बांधून त्याला थेट डांबरी रस्त्यावर नेऊन सोडलं. तेव्हा वरची विनंती केवळ तुमचा मान राखण्यासाठी.

तिसरा ता. क. हे पत्र टाकायला मामी ट्रॅक्टरवरूनच निघाली आहे. मिळालं, तर ट्रॅक्टर चालतो असं समजावं. न मिळालं, तर तुम्ही म्हणाल तसं.