मनगटाची तीन कोटेशनं

सोमवार, ४ ऑगस्ट १९५२
डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट नाही.
चालत्या ट्राममधून उतरलो. उतरलो उत्तमच, पण रस्ता ओला होता. उजवं मनगट मोडलं. गल्लीतल्या डॉ. सान्यालनी फळी बांधून दिली. म्हणाले, आठ दिवसांच्या आत भूल देऊन हाड ओढायचं आणि प्लास्टर घालायचं. सगळे मिळून साठ रुपये. घरात साठ रुपये आहेत. पण माणूस असा पहिल्याच दराला हो म्हणतो का? अठरा वर्षं ऑडिटमध्ये काढली. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी शाईची दौत पास केलेली नाही. हे तर माझं स्वतःचं मनगट.
संकल्प : आठ दिवसांत तिन्ही कोटेशनं. घाई नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट
कालिंदी शर्टाची बटणं लावते, केस विंचरते, भात कालवून देते. बायकोच्या हातात असं सापडणं बरं नव्हे. सारखी म्हणते, अहो, साठ द्या आणि मोकळे व्हा.
संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ श्याम डमडमहून आला. मीच देतो पैसे म्हणाला. त्याला स्पष्ट सांगितलं, बर्व्यांच्या सात पिढ्यांत कोणी कोणापुढे हात पसरलेला नाही. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही पसरू नका, मी खिशात घालतो. तरी नाही म्हटलं. कालिंदीनं चहाचा कप जरा जोरात ठेवला.

शनिवार, ९ ऑगस्ट
दोन सर्जन पाहिले. पहिला कातडी उघडून पोलादी पट्टी बसवणार. चारशे. दुसरा बाहेरून तारा घालणार. एकशे ऐंशी. दोघांनाही भाव बंद लिफाफ्यात द्या म्हटलं. पहिला हसला. दुसऱ्यानं कंपाउंडरला बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. या शहरात शिस्त म्हणून राहिली नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
तुलनात्मक तक्ता पूर्ण. रकाने अकरा. काही मुद्दे मात्र अनिर्णित. तारा सहा आठवड्यांनी काढतात, त्या नंतर कोणाच्या? पट्टी आत राहते, म्हणजे ती कायमची मालमत्ता. मग दोघांची तुलना कशी करायची? सान्यालना जिन्यात गाठून विचारलं. त्यांनी बंगालीत काहीतरी म्हटलं, ते तक्त्यात घेतलेलं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
सुट्टी. मोठी चूक वेळीच सापडली! तिन्ही कोटेशनं तीन वेगवेगळ्या कामांची आहेत. प्रत्येक कामाची तीन, म्हणजे नऊ हवीत. नव्यानं सुरुवात. सान्याल म्हणतात, आठ दिवस उलटले. त्यांना सांगितलं, प्रकरण विचाराधीन आहे.

रविवार, २४ ऑगस्ट
निकाल लागला. सियालदहच्या बाजारामागे एक हाडवैद्य बसतो. तेल, बांबूच्या पट्ट्या, बांधणी मिळून सव्वादोन रुपये आणि एक नारळ. सर्वांत कमी! मग विचार कसला? नियम म्हणजे नियम. ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडातून आईचं नाव निघालं. पण त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

बुधवार, १० सप्टेंबर
पट्ट्या सोडल्या. दुखणं थांबलं. मनगटाला थोडा बाक आहे, पण बाक काय, माणसाच्या पाठीलाही असतो. निव्वळ बचत सत्तावन्न रुपये बारा आणे, नारळ वजा. कालिंदीनं हिशेब ऐकला आणि भांडी आवरायला घेतली. पटलं असावं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
आज घट बसले. तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर तळवा वर होईना. अर्धा वळतो आणि अडतो. तीर्थ सगळं धोतरावर. कालिंदी म्हणाली, नीट धरा. मी नीटच धरला होता. दाराला कुलूप असावं तसा हात अडतो. खोटं कशाला लिहू, भीती वाटली.

सोमवार, २२ सप्टेंबर
सान्यालनी हाडाचा एक्स-रे फोटो काढवला. हाड वाकडं जुळलंय. पुन्हा मोडायचं, सरळ करायचं, पट्टी बसवायची. साडेचारशे. नाहीतर हात जन्मभर असाच. कमी होतील का विचारलं. ते म्हणाले, कमी होते, ऑगस्टात.

गुरुवार, २५ सप्टेंबर
कचेरीत पैशांसाठी अर्ज केला. तासाभरात परत आला. शेरा : ‘नोंदणी नसलेल्या वैद्याच्या उपचाराने उद्भवलेला खर्च मंजूर करता येत नाही.’ भाषा चोख. असायचीच, १९४९ साली हा मसुदा मीच केला होता. तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती. आज त्याच मसुद्यानं माझा गळा धरलाय. सगळ्या वाटा मीच बंद केलेल्या, आणि प्रत्येक कुलपावर सही माझी.
रात्री कालिंदी रडली. म्हणाली, श्यामकडे जा, माझ्यासाठी जा. कबूल केलं.
संकल्प : रविवारी श्यामकडे साडेचारशे मागणे. एका वाक्यात. न लाजता.

रविवार, २८ सप्टेंबर. दसरा
डमडमला गेलो. वाक्य बसमध्ये बावीस वेळा घोकलं. श्याम दारातच भेटला. मी घसा साफ केला आणि हात पुढे केला. मागायलाच केला होता, देवाशपथ! पण तळवा वळला नाही. जमिनीकडे बघत तसाच राहिला, आशीर्वादाला धरतात तसा.
श्याम इथेच जन्मला, इथेच वाढला. आजच्या दिवशी मोठ्यांच्या पाया पडायची बंगाल्यांची रीत त्याच्या अंगात मुरलेली. तो चटकन वाकला. त्याची बायको वाकली. मुलं वाकली. शेजारचे दोन बंगालीही वाकले. सगळ्यांना आयुष्मान भव म्हटलं. मग त्यांनी पेढे दिले. श्यामनं विचारलं, भावोजी, काही काम होतं का? म्हटलं, छे, आशीर्वाद द्यायला आलो होतो.
घरी आल्यावर कालिंदीला सगळं सांगितलं. म्हटलं, यात अभिमानाचा काही संबंध नाही, हात पसरताच येत नाही, त्याला मी काय करू?
ती म्हणाली, हाताचं कळलं. तोंडाला काय झालं होतं?
यावर सविस्तर उत्तर आहे. पण आता डावा हातही दुखतोय.