महादूच्या इंजनाचं झाकण

मंगळवार, वैशाख

पाय लई दुखत्यात, तरी लिवते. नातू महादू पिठाच्या गिरणीत मिस्त्री. तिथलं तेलाचं इंजन झाकणाखालनं धूर सोडतंय. जाड बोल्ट घातले, तरी धूर हायच. मालक म्हणाला, आज थांबला न्हाय तर दुसरा मिस्त्री बघतो.

भाकरी द्यायला गेले, तर हा एका कडंनं वळीनं नट आवळतोय! म्हटलं, "आरं, गोधडी अशी टाचली तर चुण्या पडत्यात. समोरासमोरचे घे, थोडं थोडं."

"आज्जे, ही काय गोधडी हाय व्हय?"

पण घेतले की! धूर थांबला. मालकानं इचारलं, कुणी शिकवलं? महादू म्हणाला, "आमच्या आजीनं." मग काय, टांगा करायचं सुदीक सुचलं न्हाय, चालतच घरी आले.