मोठीचं लायसन्स

तीर्थरूप ताईस,

वाकून केलेला नमस्कार इतक्या लांब पोचेपर्यंत सरळ होत असेल, तरी गोड मानून घे. तुझं पार्सल मिळालं. सासूबाईंच्या चष्म्याची दांडी एक, नव्याने ओवलेली जपमाळ एक, आणि माझं लायसन्स खरं आहे असं लिहून देणारा तिकडच्या कचेरीचा कागद एक. टपालखर्च तू भरलाच होतास. इथल्या खिडकीवरच्या बाईने पुन्हा तेवढेच घेतले. कशाचे विचारलं तर पार्सल हाताळल्याचे. (त्या बाजूने या बाजूला सरकवलं, एवढीच हाताळणी मी पाहिली.) मग तो कागद इथल्या भाषेत करून देणाऱ्याने शब्दावारी पैसे लावले आणि शिक्क्यांवरची अक्षरंसुद्धा मोजली. आपल्या कचेरीने शिक्के अगदी सढळ हाताने मारलेत. सगळं वहीत उतरवलंय, बेरीज मात्र पूजा झाल्यावर शांत मनाने करीन.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींना त्याच कचेरीत नोकरीला असूनही कागदासाठी चार टेबलं फिरावी लागली म्हणे, त्यांना माझा नमस्कार सांग. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे. यांना सर्दी झाली होती, ती औषध आणायच्या आत गेली.

पोच द्यायला उशीर झाला त्याचं कारण सांगते. इथे असा नियम आहे की, तिकडचं लायसन्स आल्या दिवसापासून एक वर्ष चालतं. पुढे त्याचा उपयोग फोटो बघण्यापुरता. नवं हवं तर तिकडचा कागद जोडायचा, शिकाऊ परवाना काढायचा आणि परीक्षा द्यायची. मी म्हटलं, वर्ष फुकट मिळालंय तर पुरतं वापरू, उगाच फी लवकर कशाला भरा. म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत अर्ज केला नाही, आणि तुझा कागद येईपर्यंत वर्ष संपलं. यांना गाडी येत नाही हे तुला ठाऊक आहेच, हे बसने कामाला जातात. वर्षभर सासूबाईंना दर पंधरवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेत होते. त्या शेजारी जप करत बसायच्या. आता आमची जुनी गाडी अंगणात उभी राहिली आणि दारात धाकटीची गाडी येऊ लागली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, गं. आमच्या आधी पाच वर्षं इथे आली, म्हणून हा देश तिनेच वसवल्यासारखी वागते. काळा चष्मा डोळ्यांवर नाही, डोक्यावर. एका हाताने गाडी चालवते, दुसऱ्या हाताने सासूबाईंना पेपरमिंट देते. माझ्या लायसन्सवरच्या फोटोत मला नुकतंच चोरी करताना पकडल्यासारखं दिसतं. तिच्या फोटोत ती हसतेय. आणि तिच्या गाडीतली सीट बसल्याजागी गरम होते. सासूबाईंची कंबर तुला माहीत आहे. आता माणसाशी भांडता येतं, सीटशी मी कशी भांडू? बावीस वर्षांत माझ्या हातचं काही गरम लागलं नाही त्या बाईला, आणि आता घरी आल्यावर तासभर त्या सीटचं कौतुक.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना धाकटीने मधाळ आवाजात विषय काढला, की वहिनींना आता डॉक्टरकडे नेणं जमत नाही, तर आईंनी कायमचं आमच्याकडेच यावं. दिरांनी मान डोलावली. हे ताटात बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "मोठीची परीक्षा होऊ दे, मग बघू."

तू म्हणशील, जाऊ दे की, बावीस वर्षं पत्रांतून माझं डोकं खाल्लंस. ताई, मी तक्रारी केल्या त्या माझ्या सासूच्या केल्या. तिची सासू म्हणून त्यांना मी ओळखत नाही आणि ओळख करून घ्यायचीही नाही.

तर परीक्षा झाली. शेजारी लायसन्सवालं माणूस हवं म्हणून केंद्रापर्यंत धाकटीच बरोबर आली आणि बाकावर मासिक चाळत बसली. परीक्षक उंच, मुका वाटावा इतका शांत. मी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, तेव्हाच त्याने काहीतरी लिहिलं. वळणं, आरसे, पादचारी, सगळं नीट झालं. मग पाण्याच्या टाकीकडून बाजाराकडे लांबलचक उतार लागला. तुला बाबांचा टेम्पो आठवतो ना? उतार म्हणजे देवाने घातलेलं पेट्रोल, असं म्हणून बाबा गाडी न्यूट्रलला टाकून बंद करायचे. माझ्या हाताने आपल्या आपणच तेच केलं. इतकी शांतता झाली, की पाखरं ऐकू आली. परीक्षकाने विचारलं, गाडी बंद पडली का. मी म्हटलं, नाही, मी केली. कशाला? म्हटलं, पेट्रोल. संपलं का? म्हटलं, आहे, म्हणून तर. त्याने दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली. खाली आल्यावर मी धक्का न देता गाडी पुन्हा चालू केली, त्याचे गुण मिळतील असं वाटलं होतं. मिळाले नाहीत. बंद गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत, हे त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं आणि नापास केलं.

धाकटी हसली असती तर मी सहन केलं असतं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. होतं असं, वहिनी, म्हणाली.

तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे. देवाला रोज सांगतेच, तूही सांग.

तुझी धाकटी बहीण

ता. क. एक बारीकसं काम. धाकटीचं मूळ लायसन्स आपल्याच कचेरीतलं. ती इथे आली तेव्हा नुसतं बदलून मिळायचं, परीक्षा नव्हती. म्हणजे इथे ती पास झालेलीच नाही. दाजींना विचार, तिकडे तिला कितव्या वेळी मिळालं. मला फक्त आकडा हवा. मी कोणाला सांगणार नाही, सासूबाईंना सोडून.

ता. क. दोन. तिकिटं आणायला जाईपर्यंत पत्र राहिलं, तेवढ्यात आमच्या गाडीने मान टाकली. आता रोज संध्याकाळी धाकटी तिच्या गाडीवर मला शिकवते. (चालवणाऱ्याची सीटही गरम होते, ताई. राग येतो, पण उठवत नाही.) काल त्याच उतारावर माझा हात गिअरकडे गेला तसा तिने तो धरला, आणि धरूनच म्हणाली, "वहिनी, पास व्हा हो. आई माझ्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत एकच सांगतात, मोठी बघ कशी जपून चालवते. मला रडू येतं."

म्हणजे माझ्याकडे सीटचं कौतुक आणि तिच्याकडे माझं. घरी येऊन देवापुढे जास्तीचा दिवा लावला, तेल वहीत मांडलं नाही.

ता. क. तीन. तरी दाजींना आकडा काढायला सांगच, आणि चिकटवलेल्या पाकिटात घालून उलट टपाली कळव. पास झाले तर पाकीट न फोडता देवाजवळ ठेवीन. नापास झाले तर रविवारी सगळे जेवायला बसल्यावर फोडीन.