तुमच्या अर्ध्या फोनबद्दल

नाशिक,
मंगळवार, दुपार

प्रिय बाळाजीभाऊजी,

अनेक उत्तम आशीर्वाद. (सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला शिकवलं होतं, की धाकट्या दिराला लिहिताना आधी आशीर्वाद द्यायचे, मग प्रकृती विचारायची आणि मगच मुद्द्यावर यायचं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं, की सगळ्यात आधी समास सोडायचा. मी दोघींचंही ऐकलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? सौ. योगिनीचा खोकला गेला का? सटाण्याला आमच्यापेक्षा जास्त थंडी असणार. पहाटे डाळिंबाच्या बागेत जाता तेव्हा कानाला मफलर गुंडाळत जा. निवृत्त झालेल्या गुरांच्या डॉक्टरालाही सर्दी होते. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब थोडा वाढला आहे, पण त्याचं कारण पुढे येईलच.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की गेल्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तुमचा फोन आला, मी उचलून ‘हॅलो, भाऊजी?’ म्हटलं आणि फोन बंद झाला. तो मी बंद केला नाही. एवढंच कळवायचं आहे. नऊ महिन्यांनी तुम्ही फोन करावा आणि वहिनीने तो मुद्दाम उचलून तोंडावर कापावा, असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नाही. तुम्ही म्हणाल, मग परत फोन का नाही केलात? केला होता. म्हणजे तीन वेळा तुमचं नाव काढलं, दाबलं आणि वाजायच्या आत बंद केलं. गाडी चालवताना तुम्ही फोन उचलत नाही हे मला ठाऊक आहे (मला नाही तर कोणाला असणार?). तेव्हा तुम्ही उचलला नसता, तर तुम्ही गाडी चालवताय की अजून माझ्यावर रागावला आहात, हे मला कळलं नसतं. आणि ते न कळता दुपार काढायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. पत्राचं बरं असतं. पत्र वाजत राहत नाही.

तर बुधवारी मी चष्म्याच्या दुकानात निघाले होते, आपल्या त्याच जुन्या गाडीतून. तुमच्या दादांना गाडी कधीच चालवता आली नाही, हे तुम्हाला माहीत आहेच, पण डाव्या बाजूला बसून ते काय करायचे हे तुम्ही कधी नीट पाहिलं होतंत का? ते माझे फोन घ्यायचे. रस्त्यात फोन वाजला की माझ्या पर्समध्ये हात घालून तो काढायचे आणि चेहऱ्यावर एखाद्या साहेबाच्या चिटणिसाचा भाव आणून सांगायचे, “त्या गाडी चालवताहेत. काय निरोप द्यायचा?” मग इराच्या सासूबाई असोत की गॅस सिलिंडरवाला, निरोप माझ्या कानाशी मोठ्याने वाचून दाखवला जायचा, वर स्वतःचा शेरा मारून. (“गॅसवाला म्हणतोय उद्या येतो. खोटं बोलतोय.”) आता त्या सीटवर नुसती पर्स असते. फोन वाजतो, मी वाजू देते. नऊ महिन्यांत मी गाडीत एकही फोन उचललेला नव्हता, आणि हे मी अभिमानाने नाही, तर दुसरं कोणी उचलणारं नाही म्हणून सांगते आहे.

पण त्या दिवशी त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना फोनवर ‘बाळू’ असं नाव उजळलं. (मी ‘बाळाजीभाऊजी’ घातलं होतं. ते बदलून ‘बाळू’ करणारे कोण, ते तुम्हाला सांगायला नको.) लाल दिव्याचे चाळीस सेकंद बाकी होते. मी फोन कानाला लावला, ‘हॅलो, भाऊजी?’ म्हटलं, पलीकडून एक गाय हंबरली आणि तेवढ्यात माझ्या काचेवर टकटक झाली. मी इतकी दचकले, की क्लचवरचा पाय निसटला. तुमच्या भाषेत सांगायचं तर दावं तोडलेल्या कालवडीसारखी गाडीने उडी मारली, फोन माझ्या पायाशी पडला आणि गाडी पुढच्या पेरूंच्या हातगाडीला टेकून बंद पडली. पेरू सगळ्या चौकात घरंगळले. एक रिक्षेखाली गेला, एक बसच्या दारातून आत गेला (तो कोणीतरी खाल्ला असावा, परत आला नाही).

काचेवर टकटक करणारी मोहिनी नावाची पोलीस होती, आपल्या इराहूनही लहान. मी तिला म्हटलं की गाडी उभी होती, न्यूट्रलला होती, उभ्या गाडीत फोन घेतला तर त्याला गाडी चालवणं कसं म्हणता येईल? ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, सिग्नलला उभी असली तरी रस्त्यावरच आहे ना. आणि न्यूट्रलला होती, तर हातगाडीपर्यंत काय चालत गेली?” खरं म्हणजे मी पहिला गिअर टाकून ठेवलेला होता. साठी उलटल्यावर भर चौकात खोटं बोलले, तेही वर्दीशी. मग तिने तिच्या मोबाईलने माझा फोटो काढला. तिच्याही हातात मोबाईल होता, हे दाखवून द्यायचा मोह झाला होता, पण ती पायी होती.

हातगाडीवाल्याचं नाव सहादू. तो आधी हसलाच. म्हणाला, “ओ आजी, पेरू पायजे व्हते तर हाक मारायची ना!” (मला आजी म्हणणारा नाशकातला हा पहिला माणूस. इराची मुलं मला नॅनी म्हणतात, त्यामुळे इतके दिवस कळलं नव्हतं.) मग त्याने खाली पाहिलं. गाडीचं चाक त्याच्या पायापासून चार बोटांवर थांबलं होतं. तो फूटपाथवर बसला आणि प्यायला पाणी मागितलं. मी माझी बाटली दिली. त्यातलं बरंचसं पाणी त्याच्या शर्टावरच सांडलं. भाऊजी, त्याची चप्पल अंगठ्याशी तारेने बांधलेली होती. पत्र लिहिताना मधूनमधून तीच दिसते आहे.

दंड झाला तो झालाच, पण शिवाय शनिवारी वाहतूक पोलिसांच्या दोन तासांच्या वर्गाला बसायचं ठरलं. तिथे आम्ही चौदा जण होतो, सगळे फोनवाले. शिकवायला गोरक्ष नावाचे एक हवालदार होते. आवाज असा, की बाहेरच्या गाड्यांनीही हळू जावं. माझ्या एका बाजूला वैष्णवी नावाची कॉलेजची मुलगी होती. “सर, हातात नव्हताच, स्कार्फमध्ये खोचला होता, मग हँड्सफ्रीच झाला ना!” असं ती शेवटपर्यंत भांडत होती. दुसऱ्या बाजूला पिंपळगाव बसवंतचे गोटीराम, द्राक्षांचा टेम्पो चालवणारे. हवालदारांनी फर्मावलं, की एकेकाने उठून सांगायचं: फोन कोणाचा होता, काम काय होतं, आणि पाच मिनिटांनी घेतला असता तर काय बिघडलं असतं. गोटीराम उठले. “बायकोचा व्हता साहेब. कुठवर आला म्हनून इचारत व्हती. रोज इचारती. रोज सांगतो पोचलोच म्हनून.” हवालदार म्हणाले, “आणि पोहोचलेला असता का?” “नाय ना साहेब. पोचलो असतो तर फोन कशाला घेतला असता?” सगळा वर्ग हसला. हवालदारही हसले, मग मिशीवरून हात फिरवून पुन्हा गंभीर झाले.

माझी पाळी आली. मी उठून (कॉन्व्हेंटच्या सवयीने बाकाच्या डाव्या बाजूला उभी राहून) सांगितलं की फोन दिरांचा होता, काम काय होतं ते माहीत नाही, मला फक्त गाय ऐकू आली. पुन्हा हशा. हवालदारांनी विचारलं, मग नंतर विचारलंत की नाही? मी म्हटलं, नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि गोटीराम माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, आता तर तुमी खुर्चीवर हाय. लावा ना मग.” वैष्णवीने तर स्वतःचा फोन पुढे केला. मी खाली बसले. तेरा अनोळखी माणसांना एका मिनिटात जे उमगलं, ते मला नऊ महिन्यांत जमलेलं नव्हतं.

पुढे हवालदार म्हणाले की हा काही आजचा नियम नाही. तुम्हाला ज्याने गाडी शिकवली त्याने तो तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला असेल, मोबाईल नव्हते तेव्हासुद्धा. आठवा कोणी शिकवली ते. मला वडिलांनी शिकवली. पण मला आठवलं ते दुसरंच. ईदगाह मैदान, तुमचं विसावं वर्ष, तुम्ही स्टिअरिंगवर आणि मी शेजारी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. तुम्ही खिशातले शेंगदाणे काढायला एक हात सोडलात आणि मी ती गुंडाळी तुमच्या मनगटावर मारली. म्हटलं, हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आणि घराला आग लागली तरी आधी गाडी उभी करायची, मग मागे वळून बघायचं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, गाडी शिकवताय की मुंज लावताय?” पण तुम्ही तो नियम धरलात. गाय अडली म्हणून माणसं फोनवर रडत असायची, तरी गाडी बाजूला लावल्याशिवाय तुम्ही कधी फोन कानाला लावला नाहीत.

आणि एप्रिलच्या त्या दुपारी मी तुम्हाला अकरा फोन केले. दादा दोनदा विचारत होते, “बाळू निघाला का?” तुम्ही सटाण्याहून निघाला होतात, हे मला योगिनीने सांगितलेलं होतं, मी त्यांना तसं सांगितलंही होतं. तरी मी फोन लावत राहिले. ते चार चाळीसला गेले. तुम्ही पाचला दवाखान्यात आलात, घामाने भिजलेले, आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर, त्या लांबलचक व्हरांड्यात, विचारलं की एक फोन उचलता आला नाही? तुम्ही म्हणालात, “वहिनी, दिसत होता फोन. पण थांबलो असतो तर तेवढाच उशीर झाला असता.” त्यावर मी म्हटलं, “नियम सांभाळलात ना? भाऊ गेला. आता नियम घेऊन बसा.” तुम्ही तेरा दिवस घरात राहिलात, सगळं केलंत, पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू दिला नाहीत, आणि चौदाव्या दिवशी नमस्कार करून गेलात. दिवाळीत आमच्याकडे फराळ करायचा नव्हता म्हणून योगिनीचा डबा आला, डाळिंबांची पेटी आली, दोन्ही टेम्पोवाल्याबरोबर. मी डब्यात साखर घालून तो त्याच्याचबरोबर परत पाठवला. दोघांपैकी कोणीही चिठ्ठी घातली नाही.

शनिवारी त्या बाकावर बसून मी विचार केला, की तुम्ही फोन उचलला असतात तर मी काय बोलले असते? ‘लवकर या.’ एवढंच. आणि तुम्ही तर येतच होतात. ते ऐकून तुम्ही एका हाताने चाक धरून आणखी जोरात आला असतात, आणि त्या रस्त्यावर पेरूंची हातगाडी नसते, उसाचे ट्रक असतात. मी दादांना तुमचा आवाज ऐकवू शकले नाही याचं दुःख मी तुमच्या माथी मारलं, कारण ते एकटीने उचलवत नव्हतं. चूक माझी होती. हे मी त्याच व्हरांड्यात, त्याच सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, पण आता ती माणसं कुठे गोळा करू?

शेवटी सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घेतलं. मी समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. हवालदारांनी ते वर धरून “असं लिहायचं” म्हणून वर्गाला दाखवलं आणि नंतर फळ्याला टाचून ठेवलं. आता नाशकातला प्रत्येक गुन्हेगार माझं नाव वाचून हमी देणार. इरा पुण्याहून रविवारी आली आणि तिने सरळ सांगितलं, “आई, पुरे आता. गाडी विकून टाक.” मला पटलं. एक गिऱ्हाईक गाडी पाहूनही गेलं. या वयात रिक्षाच बरी. रिक्षात फोन वाजला तर निदान घेता तरी येतो. तेव्हा गाडीचा विषय संपला.

योगिनीला आशीर्वाद. काळजी नसावी.

तुमची,
उत्तरा वहिनी

ता.क. सहादूच्या पायाला काहीही झालेलं नाही, मी रोज जाऊन बघून येते. त्यामुळे रोज किलोभर पेरू येतात आणि घरात चटणी, कोशिंबीर, भाजी, सगळं पेरूचं आहे.

ता.क. बुधवारचा फोन खिशात चुकून दाबला गेला असेल, तर कृपा करून ते मला कधीही सांगू नका.

ता.क. गाडी विकण्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते वाचू नये. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं. इराला अजून माहीत नाही. रविवारी मी गाडी घेऊन सटाण्याला तुमच्याकडे येते आहे. फोन मागे डिकीत राहील, वाटेत कोणाचाही उचलणार नाही. तेव्हा ‘येऊ नका’ असं सांगायचं असेल तर नऊच्या आत फोन करावा. मी साडेआठला निघणार आहे.