पुढे ओढलेली सीट

१४ एप्रिल १९९१, रविवार

नंदू दुपारी जेवूनच गेला. त्याला बोलावलं होतं मोटरहोमच्या गिअरबॉक्ससाठी, जेवायला नव्हे. पण उल्काने भरली वांगी केली होती. माझ्या वाढदिवसाला मात्र म्हणाली होती की ब्रिस्टलमध्ये चांगली वांगीच मिळत नाहीत!

गाडी माझी, पैसे माझे, हौस माझी. गेल्या वर्षी हॉस्पिटल सोडलं, आयुष्यभर लोकांना भूल देऊन झाली, तेव्हा ही घेतली. अमेरिकन, सेकंडहँड, स्टिअरिंग डावीकडे, गिअर ऑटोमॅटिक. सप्टेंबरात उल्काला घेऊन स्कॉटलंडला जायचं, थेट स्कायच्या बेटापर्यंत. फक्त आम्ही दोघं. पण गिअर बदलताना गाडी हिसका देते आणि चढावर रडते. नंदू इथल्या विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून इथल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळाचा मेकॅनिकही तोच. पंचेचाळिशीचा, बायको सोडून गेलेली, केस अजून काळे.

त्याने गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काठी, काढली, पांढऱ्या किचन पेपरवर पुसली आणि तो कागद उल्काच्या नाकाशी धरला. "वहिनी, वास घ्या. करपल्यासारखा येतोय ना?" ती म्हणाली, "फोडणी जळल्यासारखा." दोघंही हसत सुटले. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?

तेल लाल हवं म्हणे. आमचं कोऱ्या चहासारखं झालंय. बदलायला हवं.

५ मे, रविवार

तेल बदललं. म्हणजे त्या दोघांनी बदललं. मी बागेतल्या खुर्चीत बसून चार पाय बघत होतो — दोन त्याचे, दोन माझ्या बायकोचे — गाडीखालून बाहेर आलेले.

सुरुवातीला दिवा मीच धरला होता. उल्का म्हणाली, "अहो, तुम्ही उजेड भलतीकडेच पाडताय. द्या इकडे." दिला. मग गाडीखालून एकेक ऐकू यायला लागलं. "बघा ना, तळातल्या मॅग्नेटवर नुसती करडी पूड आहे, तुकडे नाहीत. म्हणजे आतलं सगळं ठीक आहे." "अय्या, खरंच की." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती "अय्या" म्हणाली होती, मला आठवत नाही.

नवा फिल्टर, गळती थांबवणारं नवं गॅस्केट, नवं लाल तेल. नंदूने नियम सांगितला: पातळी बघायची ती इंजिन गरम असताना, चालू ठेवून. लिव्हर एकदा सगळ्या गिअरमधून फिरवायचा, पार्कमध्ये आणायचा, मग डिपस्टिक काढायची. आणि कमी चालेल पण जास्त नको. जास्त झालं तर आतली चाकं तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेसावर गिअर पकडत नाहीत. उल्काने सगळं आरतीसारखं पाठ म्हणून दाखवलं. नंदूने टाळी वाजवली.

१८ मे

किचनमध्ये नव्या टाइल्स बसवल्यात. ओळी चक्क वाकड्या आहेत, मध्ये फुगवटा! बिल्डरला फोन करणार होतो. उल्का म्हणाली, "सरळ आहेत हो." आता हिला टाइल्समधलंही कळायला लागलं. या वहीच्या ओळीसुद्धा वाकड्याच छापल्यात. स्वस्तातली वही, दुसरं काय.

१ जून, शनिवार

आज कळलं.

दुपारी सहज मोटरहोममध्ये जाऊन बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली. मी सहा फूट उंच, मी कधी ती पुढे घेत नाही. नंदूही चांगला उंच आहे. सीटच्या फटीत बोट घातलं तर उल्काची केसांची पिन हाताला लागली.

गेले दोन्ही शनिवार ती मैत्रिणीबरोबर, सुप्रभाबरोबर, खरेदीला जाते म्हणून गेली होती. "जरा मोठी खरेदी आहे, मोटरहोमच नेऊ, नंदू चालवेल." मी मान डोलावली होती. मूर्ख! खरेदी कसली, दोघं गाडीतच बसत होते.

काही विचारलं नाही. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर काय करायचं?

२३ जून, रविवार

आज तो तिला उल्का म्हणाला.

वहिनी नाही. उल्कावहिनी नाही. नुसतं "उल्का, तो अर्धा इंची पाना दे." माझ्यासमोर. आणि हिने वरही न बघता बरोबर तोच पाना दिला. मला अजून तो "डॉक्टर, तुम्ही" म्हणतो. म्हणजे या घरात मी तेवढा परका.

जेवताना म्हटलं, "नंदू हल्ली फारच मोकळा झालाय." ती म्हणाली, "चांगला मुलगा आहे." मुलगा! पंचेचाळीस वर्षांचा घोडा. सरळ लिहितो: मला त्याचा मत्सर वाटतो. त्याच्या काळ्या केसांचा, त्याच्या नखांतल्या तेलाचा, सगळ्याचा.

६ जुलै, शनिवार

उद्या मंडळाची सहल, चेडरच्या घाटात. मोटरहोम आमची. म्हटलं, गिअरबॉक्सचं तेल आज स्वतः तपासावं. त्यांनाच काय ते येतं?

नियमाप्रमाणे केलं. गरम इंजिन, चालू, लिव्हर फिरवून पार्क. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, परत काढली. तेलच नाही! काठी कोरडी. म्हणजे नंदूने कमी भरलं होतं. एक बाटली ओतली. तरी काही दिसेना. दुसरी ओतली. तिसरी. शेवटी कुठे टोकाशी काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, तेव्हा थांबलो.

कुणाला काही बोललो नाही. नंदूसाहेबांच्या हातून झालेली चूक मी निस्तरली. उद्या चढावर गाडी कशी पळते बघा. आज खूप दिवसांनी शांत झोप लागेल.

७ जुलै, रविवार

शोभा झाली.

निघतानाच फुटपाथला चाक घासलं. कौन्सिलने कडा पुढे आणल्यात. उल्का शेजारी बसून "डावीकडे बघा, डावीकडे बघा" करत होती. चढ लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे जाईना. मग खालून धूर. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. सगळे उतरले. मंडळाच्या प्रमोदिनीबाई चिवड्याचा डबा पोटाशी धरून रस्त्यावर उभ्या.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर नंदूला म्हटलं, "गॅस्केट नीट बसवलं नाहीस तू. लक्ष कुठे होतं तुझं? तेलात होतं की दुसरीकडे?" उल्काचा चेहरा लालबुंद.

नंदू खाली गेला, बाहेर आला. गॅस्केट कोरडं होतं. तेल वरच्या हवेच्या नळीतून उसळून गरम एक्झॉस्टवर पडत होतं. त्याने बरंचसं तेल डब्यात काढून घेतलं, गाडी थंड होऊ दिली आणि स्वतः चालवत परत आणली. मी मागे बसलो, सहलीला आलेल्या मुलांच्यात. त्याने एवढंच म्हटलं, "माझंच चुकलं असेल, डॉक्टर. मीच जास्त भरलं असेन." उल्काने त्याच्याकडे बघितलं. ती नजर मला आयुष्यभर पुरेल.

८ जुलै

उल्का माझ्याशी बोलत नाही.

१३ जुलै, शनिवार

सकाळी उल्का म्हणाली, "चला, बाहेर." मला वाटलं आता सांगणार. मी मनाची तयारी केली, चांगला शर्टसुद्धा घातला.

घरासमोरच्या ड्राइव्हमध्ये मोटरहोम चालू करून ठेवली होती, बॉनेट उघडं. बाजूला माझ्या तीन रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या. कचऱ्यातून काढल्या होत्या. तिने डिपस्टिक काढली, कागद फिरवला, माझ्या हातात दिली. "बघा, किती आहे?"

मी उजेडाकडे धरली. नीट बघितली. काठीच्या मधोमध धुकं होतं. पण आठवडाभराची जिद्द सोडवेना. म्हटलं, "फुलच्या खुणेला आहे. अगदी बरोबर."

"अहो," ती म्हणाली, "आत्ताच पुसून दिली मी. कोरडी आहे."

मग तिने माझा हात धरला आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे वळवलं. "हा खांब कसा दिसतो?" वाकडा दिसत होता.

१९ जुलै

श्रीनिवासने तपासलं. हॉस्पिटलमधला जुना सहकारी, डोळ्यांचा डॉक्टर. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं परत यायचं नाही. गाडी चालवणं आजपासून बंद. दुसरा कुणी पेशंट असता तर मीही हेच सांगितलं असतं, आणि मेमध्येच सांगितलं असतं.

उल्काला मे महिन्यापासून शंका होती. म्हणून शनिवारी नंदू तिला रिकाम्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हे धूड चालवायला शिकवत होता. "मला का नाही सांगितलंस?" "सांगितलं असतं तर हात लावू दिला असता?" दिला नसता. आणि वहिनीचं काय? "तो 'उल्कावहिनी, जरा ब्रेक दाबा' म्हणेपर्यंत भिंत यायची. मीच म्हटलं, नुसतं उल्का म्हण."

नंदूची माफी मागितली. तो म्हणाला, "डॉक्टर, सोडा हो." मत्सर तरी गेला नाही. फक्त आता त्याचा नाही वाटत. जी कुणी माझ्या सीटवर बसून मला स्कायला घेऊन जाणार आहे, तिचा वाटतो.

१५ सप्टेंबर, स्काय

मी सांगतोय, उल्का लिहितेय. पोचलो. सगळे चढ तिने चढवले, गिअरबॉक्सने एकदाही हिसका दिला नाही. सकाळी तेल तिने बघितलं, लाल आहे म्हणते.

वही तिच्या हातात देताना मागच्या पानांचं माझ्या लक्षातच आलं नाही. कोरं पान शोधता शोधता ती थांबली. मला तिचा चेहरा दिसत नाही, पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. बराच वेळ. मग म्हणाली, "सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं कधी लिहिलं नव्हतंत. सांगा पुढे."