नोंदवहीत न आलेली मतं

आई, सभागृहात कुणी ‘नाही’ म्हटल्याची नोंद नसेल, तर सगळे ‘हो’ म्हणाले असं धरायचं का? तीन आठवडे मी या प्रश्नावर अडले आहे आणि मला उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते.

तू गेलीस तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, म्हणून थोडं मागून सांगते. आपल्या घरातली पहिली पदवी मी मिळवली, पुढेही शिकत राहिले, आणि आता आपल्या प्रांताच्या विधानसभेच्या एका कार्यकाळाचा इतिहास लिहिते आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची ती विधानसभा. पंजाबातून सातासमुद्रापार आलेली माणसं इथल्या लाकडाच्या गिरण्यांत कित्येक वर्षं राबत होती, पण त्यांना मत नव्हतं. ते या विधानसभेने दिलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे मी या देशात यायच्या आधीच काम झालं होतं! बरं झालं, नाहीतर त्याचाही फॉर्म मलाच भरायला लावला असतास.” त्यांच्या विनोदांना अजून मी एकटीच हसते.

फेरीबोटीने प्रांताच्या राजधानीला, व्हिक्टोरियाला, जाऊन मी विधानसभेच्या जुन्या नोंदवह्या वाचते. त्या काळी तिथली भाषणं शब्दशः कुणी उतरवून ठेवत नसे. काय मांडलं, मंजूर झालं की नाही, एवढंच. त्या विधेयकाच्या एका टप्प्यापुढे मला नुसतं ‘मंजूर’ दिसलं, आणि मी आनंदाने लिहून टाकलं की सभागृह एकमुखाने ‘हो’ म्हणालं. अख्खं प्रकरण त्या वाक्यावर रचलं. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना ते इतकं आवडलं की पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठरलं. मग तिथल्या ग्रंथपाल बाई सहज म्हणाल्या, सभासदांनी तोंडी हो-नाही म्हटलं तर कुणाचंच नाव लिहीत नसत. कुणी मतविभागणी, म्हणजे नावानिशी मोजणी, मागितली तरच नावं. आणि मला तू आठवलीस.

मराठी मंडळाची वार्षिक सभा, चर्चचं भाड्याने घेतलेलं बेसमेंट, मी अकरा वर्षांची. माझं मराठी अक्षर चांगलं म्हणून सेक्रेटरीकाकांनी वही माझ्याकडे दिली आहे. पुढच्या वर्षीपासून जेवण बाहेरून मागवायचं नाही, घरून करून आणायचं, असं ठरतंय. काका विचारतात, “कुणाचं काही?” कुणी बोलत नाही. मी लिहिते, ‘एकमताने मंजूर’. तेवढ्यात तू ओढणीला हात पुसत किचनमधून येतेस आणि माझ्या खांद्यावरून वाचतेस.

“एकमत कधी झालं?”

“विचारलं ना आत्ता, वहिनी. कुणी विरोध केला नाही.”

“विचारलं तेव्हा आम्ही सहाजणी आत पातेली घासत होतो, भाऊजी. दोनशे पुरणपोळ्या कोण लाटणार, ते आत येऊन विचारा की!”

सगळे हसले, काकाही. पण माझ्याकडे वळलीस तेव्हा तू हसत नव्हतीस. “आत काय मत होतं ते तुला माहीत होतं का? मग पाहिलंस तेवढंच लिही.” मला रडू आलं. ती ओळ मी रागारागाने खोडली.

आता वाक्य काढलं तर प्रकरण मोडतं, पुस्तकाचं नाव जातं, छपाईची तारीख जाते. प्राध्यापिका म्हणाल्या, “तू चुकलीस असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही.” खरं आहे. पण मी बरोबर आहे, हे मलाही सिद्ध करता येत नाही. शिवाय जपानी वंशाच्या लोकांना आणि इथल्या मूळ रहिवाशांना त्या विधेयकाने बाहेरच ठेवलं. त्यांना कुणी काही विचारलं होतं? गंमत म्हणजे, एवढं कळल्यावर ती विधानसभा मला जास्तच जवळची वाटू लागली आहे. एका सुरात बोलणाऱ्या थोर माणसांपेक्षा, कुरकुरत, शेजाऱ्याकडे बघत, शेवटी ‘बरं, होऊ दे’ म्हणणारी माणसं मला ओळखीची वाटतात. त्यांच्याबद्दल लिहायला मजा येईल.

हे सगळं तुझा सल्ला मागितल्यासारखं लिहिलंय खरं. पण प्राध्यापिकांना मेल मी सकाळीच पाठवली: ते वाक्य काढलं आहे, पुस्तकाचं नाव बदलावं लागेल, मला आणखी एक वर्ष हवं. तुला विचारायला थांबले नाही.