पश्चिमेचे दार बुजवू नये

मी, सारजाबाई कैलास ढमाले, वय वर्षे बहात्तर, पूर्वी बालवाडी शिक्षिका, सध्या घर आणि शेती, राहणार मुळशी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. मला कोणी भीड किंवा धाक घातलेला नाही. घातला असता तरी मी ऐकले नसते, हे गावाला ठाऊक आहे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही. माझ्यामागे वाद होईल तो एकाच गोष्टीवरून, आमच्या घराच्या पश्चिमेच्या दारावरून. म्हणून हा खटाटोप.

माझे पती कैलास हयात नाहीत. मला दोन मुले. थोरला मनीष, तो पत्नी किमयासह भूगावला फ्लॅटमध्ये राहतो. धाकटी सायली सासरी सुखी आहे. माझे धाकटे दीर एकनाथ आमच्याच घराच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात राहतात. तो भाग त्यांचा आहे आणि त्याविषयी मला काही लिहायचे नाही.

कलम १. घराचा पश्चिमेकडचा भाग, ओट्यासह.

हा भाग माझे सासरे विठ्ठलराव यांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला दिला. तो माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. कसा मिळाला ते लिहिते, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे.

आमचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यानंतर सासऱ्यांच्या वडिलांनी चढावर हे घर बांधले आणि दार ठेवले पश्चिमेला, पाण्यासमोर. माझे लग्न ठरताना आईने नकार दिला होता. पश्चिमेच्या दारात पोर देऊ नये, तिथे दिवस मावळतो, असे तिचे म्हणणे. बैठकीत सासरे तिला म्हणाले, "विहीणबाई, पूर्व इंद्राची, दक्षिण यमाची, उत्तर कुबेराची. पश्चिम वरुणाची हाय, पाण्याच्या देवाची. आमचं समदं गाव त्याच्यापाशी हाय. त्याच्याकडं पाठ करून कसं ऱ्हायचं?" आईला ते पटले नाही, पण माणूस आवडला. लग्न झाले.

घर कसे राखायचे ते मी सासऱ्यांकडून शिकले. पश्चिमेची बाजू उंच आणि जड ठेवायची, पूर्वेची हलकी. म्हणून भाताच्या कणग्या, जाते, उखळ सगळे पश्चिमेच्या भिंतीला. जेवणाची पंगतही त्याच बाजूला. पुढे पाण्याची टाकी बसवली तीही पश्चिमेच्या कोपऱ्यावर. कोणी म्हणे ती शनीची दिशा. सासरे म्हणत, "असू दे की. शनी कष्टाळू माणसाला तरास देत न्हाई. आन् हितं बसून खाणारं हाय कोण?"

माझे पती होडीने पलीकडच्या गावी भाताचे बियाणे आणायला गेले आणि वाऱ्यात होडी उलटली. मी दारातच उभी होते. होडी परत आली ती दुसऱ्याच माणसांनी ओढत आणलेली. मनीष तेव्हा चालायला शिकत होता आणि सायली पोटात होती.

दहाव्याच्या दिवशी घाटावर दादासाहेब सगळ्यांसमोर बोलले, "पश्चिमेचं दार घर खातं म्हनून म्या कवाच सांगितलं व्हतं." दादासाहेब म्हणजे तेव्हाचे गावातले मोठे प्रस्थ. ते बोलले की लोक माना हलवत. तेराव्याच्या आधी एकनाथ भावजींनी विटा आणल्या, गवंडी आणला. सासरे आत घोंगडीवर पडून होते. मुलगा गेलेला बाप, त्यांना कोण काय म्हणणार?

मी जाऊन उंबऱ्यावर बसले.

भावजी म्हणाले, "वैनी, उठा. पोराबाळांचा इचार करा. अजून कुनाला न्यायचं हाय का त्या पान्याला?"

मी म्हणाले, "ते ज्या बाजूला गेले ती बाजू मला दिसू द्या. भिंत घातली तर मी बघू कुठे?"

गवंडी थापी हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी सासरे उठले. त्यांनी गवंड्याला भाकरी खायला घातली आणि परत पाठवले. मग भावजींना म्हणाले, "एकनाथ, पान्यानं घेतलं तर पान्यासमोर हुबं ऱ्हाऊन त्याला इचारायचं. भित घालून लपायचं न्हाई." भावजी त्याच विटा घेऊन घराच्या मधोमध गेले. वाटणी झाली. त्यांनी पूर्वेला नवे दार पाडले, आणि त्यांच्या आमच्यामध्ये भिंत आली. पुढच्याच वर्षी सासऱ्यांनी हा भाग माझ्या नावे केला. मी म्हणाले, मनीषच्या नावे करा. ते म्हणाले, "लेकाला दार आयतं मिळतं, पोरी. तू ते राखलंस."

तर हा भाग ओटा, कणग्या, जाते आणि दारासकट मी माझी सून किमया मनीष ढमाले हिला देत आहे. मनीषला नाही. कारण कलम ३ मध्ये.

कलम २. एकनाथ भावजींचा ओट्यावरचा हक्क.

वाटणीनंतर भावजी कित्येक वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी वारा सुटला. मी दारात तांदूळ निवडत होते. पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे दिसतात, तिथे एक होडी अडकून फिरताना दिसली. तिच्यातला माणूस उभा राहिला आणि दिसेनासा झाला. मी सूप टाकून खाली धावले. आमच्या शेजारचे माऊली शेडगे मासेमारी करतात. त्यांची होडी काठालाच होती. "माऊली, बुडतोय कुणीतरी," एवढेच मी ओरडले. त्यांनी त्या माणसाला केसांना धरून वर काढले. ते भावजी होते. तिकडे आमच्या जाऊबाई पूर्वेच्या दारात घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना काहीच कळले नव्हते. कळणार कसे? त्यांच्याकडून पाणी दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी भावजी घराला वळसा घालून माझ्या ओट्यावर आले आणि बसले. मी चहा दिला. चहा संपल्यावर म्हणाले, "दार वाईटच हाय, वैनी. तुमी बसता म्हून चाललंय." आभार वगैरे काही नाही. तेव्हापासून ते रोज येतात.

किमयाने हे लक्षात ठेवावे. भावजी जिवंत आहेत तोवर त्यांना संध्याकाळी या ओट्यावर बसण्याचा आणि चहा मिळण्याचा हक्क राहील. साखर कमी, डॉक्टरांनी सांगितले आहे. दाराला नावे ठेवली तर ठेवू द्यावीत.

कलम ३. भाताची खाचरे.

ही सर्व मनीषला. मनीषची नोकरी मागच्या वर्षी गेली. घरात बसून माणूस कारणे शोधू लागतो. त्याने पुण्यातले एक वास्तुतज्ज्ञ गाठले. त्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितले की तुमच्या मूळ घराचे दार पश्चिमेला आहे, ते बुजवा, सगळे सुरळीत होईल. त्याच महिन्यात एका रिसॉर्टचा माणूस आला. तो म्हणाला, आजी, दार आहे तसेच ठेवा, उलट मोठे करू, लोक इथून सूर्यास्त बघायला पैसे देतात. एकाला भिंत हवी, दुसऱ्याला तिकीट. मी दोघांनाही चहा दिला.

मनीषवर माझा राग नाही. बापाला पाण्याने नेले तेव्हा तो लहान होता. त्याला त्या दाराची भीती वाटते, हे मला तो मोठा झाल्यावर कळले. भीती वाटणाऱ्याच्या हाती दार दिले की तो ते लावून घेणार.

किमया लातूरकडची. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा दारात उभी राहिली ती राहिलीच. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "आई, आमच्याकडे टँकर आला की सगळी गल्ली धावायची. एवढं पाणी घरातून दिसतं, हेच मला खरं वाटत नाहीये." मग तिने नमस्कार केला. कुणी शिकवले नव्हते. वरुणाला असा नमस्कार आमच्या घरात सासऱ्यांनंतर कुणी केला नव्हता.

कलम ४. पुतळ्यांची माळ, पाटल्या आणि बँकेत जे काही असेल ते सायलीला. तिने हे सर्व वाटून देण्याचे काम पाहावे. ती हिशेबाला पक्की आहे आणि भावाला घाबरत नाही.

कलम ५. दादासाहेबांना काहीही नाही. मात्र माझ्या तेराव्याच्या जेवणाला त्यांना मानाने बोलवावे. आता त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर रिसॉर्ट आहे आणि पश्चिमेकडच्या खोल्यांचे भाडे जास्त आहे. त्यांचे पान पश्चिमेकडे तोंड करून मांडावे. कुणी काही बोलू नये. नुसते वाढावे.

कलम ६. माझ्या अस्थी आळंदीला नेऊ नयेत. आमच्या खालच्या काठावर सोडाव्यात. एवढी वर्षे त्या पाण्याला मी विचारत आले, आता जाऊन समोरासमोर विचारीन.

हा मसुदा मी गेल्या रविवारी जेवताना मनीष, किमया आणि सायलीला वाचून दाखवला. माझ्यामागे कागद उघडून कुणाला धक्का बसावा, हे मला पसंत नाही. मनीष ताटावरून उठला आणि ओट्यावर जाऊन उभा राहिला, पाण्याकडे तोंड करून. लहानपणापासून मी त्याला तसे उभे राहिलेले पाहिले नव्हते. किमया उठायला लागली. मी तिचा हात धरून बसवले.

त्याने आत न बघता विचारले, "आई, बाबा गेले ती जागा कुठली?"

मी कधीच कुणाला दाखवली नव्हती. कुणी विचारलेच नव्हते. मी गुडघे धरत उठले, बाहेर गेले आणि बोट करून दाखवली. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वाचलंस ते बरोबर आहे. तसंच राहू दे."

म्हणून तसेच ठेवून सही करत आहे.

स्थळ : राहते घर, मुळशी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सारजाबाई कैलास ढमाले
(सही)

सारजाबाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१. माऊली बबन शेडगे, मासेमारी, मुळशी (सही)
२. जुईली संदीप वाळंज, आशा सेविका, मुळशी (सही)